निळ्या पडद्याची कैफियत

मुक्ताईनगरच्या आसमंतात पत्रव्यवहाराची एक फार जुनी आणि फार अवघड परंपरा आहे. गावापासून जवळच, जेथे पूर्णा तापीस मिळते त्या संगमावर, योगी चांगदेवांचे स्थान आहे. आणि ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसले असता, वयाने धाकट्या परंतु अधिकाराने थोर अशा पुरुषास ‘चिरंजीव’ म्हणावे की ‘तीर्थरूप’, हा मायन्याचा पेच न सुटल्यामुळे त्यांनी अखेर कागद कोराच धाडला, ही कथा येथील शेंबड्या पोरासही तोंडपाठ असते. चौदाशे वर्षे जगूनही हा गृहस्थ कोराच राहिला, असा रोखठोक शेरा त्या कागदावर मुक्ताईने मारला आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठविले, असे परंपरा सांगते. त्याच मुक्ताईच्या नावावरून पूर्वीच्या एदलाबादेस आज मुक्ताईनगर म्हणतात. तेव्हा निरक्षर पत्राचा अर्थ लावण्याची विद्या या मातीत मुरलेली आहे असे मानावयास हरकत नाही. परंतु नवा जोडलेला संगणक कोसळताना जे पत्र मागे ठेवून जातो ते कोरे नसते, भरगच्च असते, आणि सगळी अडचण तेथेच आहे. कोऱ्या पत्रास निदान पासष्ट ओव्यांचे उत्तर देता येते; या भरलेल्या पत्रास उत्तर म्हणून फक्त बटण दाबता येते.

सदरहू संगणक बाजारातून तयार आणलेला नसून घरीच जोडलेला होता, हे प्रारंभी नमूद करणे प्राप्त आहे. जळगावास अभियांत्रिकी शिकणारी माझी पुतणी उन्हाळ्याच्या सुटीत घरी आली ती कपड्यांच्या पेटीऐवजी पुठ्ठ्याची खोकी घेऊन. ओसरीवर सतरंजी अंथरून तिने ती एकेक करून उघडली: एकात मदरबोर्ड, एकात प्रोसेसर, एकात वीज पुरविणारा एसएमपीएस, दोहोंत रॅमची एकेक पट्टी, आणि सर्वांत मोठ्या खोक्यात हे सर्व पोटात घेणारे कॅबिनेट. संध्याकाळपर्यंत शेवटचा स्क्रू बसला, पंखा फिरला, पडदा उजळला, आणि सौभाग्यवतीने यंत्रास हळदकुंकू लावून पेढा दाखविला. तयार संगणक आणि घरी जोडलेला संगणक यांत जो भेद आहे तो कारागिरीचा नसून अधिकारक्षेत्राचा आहे, हे ज्ञान मात्र त्या मंगल घटकेस कोणास झाले नव्हते. तयार संगणकास एक धनी असतो व त्याच्या दारात जाऊन भांडता येते. घरी जोडलेला संगणक म्हणजे कर्ता पुरुष नसलेले एकत्र कुटुंब होय: रॅमची हमी एका कंपनीची, मदरबोर्डची दुसरीची, एसएमपीएसची तिसरीची, प्रत्येकीचे दफ्तर निराळ्या शहरी, आणि प्रत्येकीचे ठाम म्हणणे असे की घरात जो काही बेबनाव आहे तो इतरांच्या स्वभावामुळे आहे.

संगणक स्वहस्ते जोडण्याचा मान आमच्या घरास पहिला मिळाला असे मात्र नव्हे. आपल्या देशात तो मान मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे जातो. तेथील तरुण मंडळींनी १९५५ साली अशा यंत्राच्या बांधणीस हात घातला आणि १९६० साली ते विधिपूर्वक कार्यास लागले; ‘टिफ्रॅक’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या, १२,५०० रोधक होते, आणि स्मरणशक्ती होती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. पुतणीने आणलेल्या सोळा जीबी रॅमची स्मरणशक्ती त्याहून सुमारे पावणेसतरा लाख पटींनी अधिक आहे, हे तिने मला हिशेब करून दाखविले तेव्हा मला अभिमानाऐवजी भीतीच वाटली. निर्वात नळी विझली तर ती विझलेली डोळ्यांना दिसते. आमच्या रॅममध्ये माहितीची सुमारे १३,७४४ कोटी घरे असून त्यांतील एकाने जरी ‘एक’ म्हणावयाच्या जागी ‘शून्य’ म्हटले, तरी त्या घराचा दरवाजा ठोठावून जाब विचारणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे.

यंत्र प्रथम कोसळले ते वैशाखातल्या टळटळीत दुपारी. पडदा अकस्मात निळा झाला, त्यावर दोन टिंबे आणि एक उपडा कंस यांनी काढलेला दुर्मुखलेला चेहरा उमटला, आणि खाली काही ओळी उमटल्या. हा चेहरा विंडोज प्रणालीच्या आठव्या अवतारात, म्हणजे २०१२ साली, पडद्यावर प्रथम आला. त्यापूर्वी चेहऱ्याविना नुसताच मजकूर आणि आकड्यांची जंत्री येत असे. सुतकी चेहऱ्याची ही सोय ज्याने केली त्याने सरकारी कचेरीत काही काळ काढला असला पाहिजे, असा माझा तर्क आहे; कारण खालचा मजकूर शुद्ध दफ्तरी गद्यात होता. अडचण उद्भवली आहे. माहिती गोळा करण्याचे काम चालू आहे. आपण काही करण्याचे कारण नाही. आणि संदर्भासाठी कलम अमुक. कोणी केले, का केले, आता पुढे काय, याविषयी अवाक्षर नाही. उभी हयात पंचायत समितीच्या दफ्तरात घालविलेल्या मला त्या गद्यात माहेर भेटल्यासारखे वाटले असते, जर त्या क्षणी माझे निवृत्तिवेतनाचे अर्धे लिहिलेले निवेदन त्या निळाईत लुप्त झाले नसते.

पुतणीने कलम टिपून घेतले. त्या दिवशीचे कलम होते ‘मेमरी मॅनेजमेंट’. दुसऱ्या वेळी यंत्र कोसळले तेव्हा ते होते ‘इर्क्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तिसऱ्या वेळी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, आणि पुढे पुढे तर एखाद्या मुरब्बी आरोपीने दर तारखेस निराळी जबानी द्यावी तसा प्रकार सुरू झाला. येथे आमच्या शेजारी राहणारे निवृत्त जमादार या प्रकरणात पडले, आणि त्यांच्या पडण्याने प्रकरणास प्रथमच काही शिस्त आली. पोलीस खात्यात जन्म गेल्यामुळे त्यांस संगणकातले काही कळत नसले तरी खोटे बोलणाऱ्यांतले सर्व काही कळते. ते म्हणाले, “साक्षीदार दर वेळी एकच गोष्ट सांगत असेल तर एक इसम धरावा. दर वेळी वेगळी सांगत असेल तर साक्षीदाराचीच स्मरणशक्ती तपासावी.” पुतणी त्यांच्याकडे आदराने पाहू लागली; कारण तिच्या शास्त्राचाही नेमका हाच सिद्धांत होता. कलम नेहमी एकच येत असेल तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे कोणा भागाशी बोलणाऱ्या दुभाषी कार्यक्रमाचा असतो. कलम दर वेळी बदलत असेल तर मुळात स्मृतीच किंवा वीजपुरवठा संशयास्पद असतो, आणि जो कोणी त्या क्षणी त्या बिघडलेल्या स्मृतीवर विसंबून काही करावयास जातो तो बिचारा मुद्देमालासह पकडला जातो.

परंतु शास्त्र आणि शेजार यांची गाठ पडली असता शास्त्रास नेहमीच थोडे थांबावे लागते. घरात आजारी माणूस असल्याची वार्ता जितक्या त्वरेने पसरते त्याहून अधिक त्वरेने आजारी यंत्राची पसरते, आणि आमच्या तालुक्यात प्रत्येक मनुष्य आपापल्या व्यवसायातून रोगनिदान करतो. चौकात ऑनलाइन सेवा केंद्र चालविणारा तरुण प्रथम आला व म्हणाला, “काका, एकदा विंडोज मारून टाकू.” यंत्रातील सर्व काही पुसून प्रणाली नव्याने बसविणे हा त्याच्या लेखी गंगास्नानासारखा सर्वपापनाशक उपाय होता आणि तो त्याने केलाही; यंत्र त्या संध्याकाळी नवजात बालकासारखे निष्पाप दिसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा निळे पडले. मग त्याने खिशातून शाळेतल्या मुलांचे खोडरबर काढले, रॅमच्या पट्ट्या उपसून त्यांची सोनेरी किनार खसाखसा घासली आणि फुंकर मारून परत बसविली. भारतातल्या कोणत्याही संगणक दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी खोडरबर आढळते, आणि यास हसण्याचे कारण नाही; दमट हवेने व धुळीने त्या किनारीवर जो पातळ थर चढतो तो याने खरोखर निघतो. फक्त ओसरीवर काही दिवसांपूर्वीच खोक्यातून निघालेल्या पट्टीवर तो थर कोठून आला असावा, एवढाच प्रश्न उरत होता, आणि तो विचारण्याचे धैर्य कोणास झाले नाही.

तदनंतर वायरमन आला. त्याने कॅबिनेटच्या पत्र्यास बोटाचे मागचे पेर लावले, हात झटकला आणि विजयी मुद्रेने म्हणाला, “भाऊ, डब्याले हात लावला की झिनझिन्या येता ना? मंग! अर्थिंगच नही त तो कॉम्पुटर तरी काय करीन?” हे निदान अक्षरशः खरे होते. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंधळ गाळणारी जी व्यवस्था असते ती गाळलेला अंश भूमीत सोडून देऊ पाहते; भूमीशी संबंधच तुटलेला असेल तर तो अंश डब्याच्या पत्र्यावर येऊन बसतो व स्पर्श करणारास आपली ओळख करून देतो. वायरमनने परसात खड्डा खणून त्यात लोखंडी नळी, कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याचे ठरविले, आणि उन्हाळाभर त्या खड्ड्यास रोज पाणी घालावे असा दंडक घालून दिला. घरातल्या तुळशीस जेथे एक तांब्या पाणी मिळते तेथे संगणकाच्या खड्ड्यास बादली मिळू लागली, हे पाहून सौभाग्यवतीच्या मनात काय आले असेल ते तिने बोलून दाखविले नाही, यावरूनच कळते.

केळीबागायतदार असलेले आमचे एक स्नेही निदानास आले ते उन्हाच्या बाजूने. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ते कोणत्याही विषयावर थोडे अधिक अधिकाराने बोलतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला आणि पश्चिमेच्या झळा वाहू लागल्या की केळीचे पान जेथे करपून जाते, तेथे यंत्राने शाबूत राहावे ही अपेक्षाच त्यांस अमानुष वाटली. बागेच्या कडेने जशी शेवरीची ताटी लावतात तशी पश्चिमेच्या खिडकीस हिरवी जाळी बांधावी, मेज भिंतीपासून दूर घ्यावे, आणि शक्य तर ठिबक सोडावे, असा त्यांचा सल्ला पडला. ठिबकाची सूचना पुतणीने नम्रपणे नामंजूर केली; परंतु उन्हाच्या मुद्द्यावर तिने त्यांस एक भेद समजावून सांगितला, जो मला फार उद्बोधक वाटला. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की प्रथम आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तरीही न निभावल्यास निळा पडदा, सुतकी चेहरा, कलम वगैरे काहीही सोपस्कार न करता एकदम विझतो. जो निरोप लिहून ठेवून जातो तो उष्माघाताने गेलेला नसतो. शिवाय पंखा म्हणजे काही बर्फाचा कारखाना नव्हे. तो यंत्रास खोलीच्या हवेइतके गार करू शकतो, त्याखाली नाही, आणि आमच्या खोलीची हवा त्या दिवसांत एखाद्या वरण-बट्टीच्या पंगतीतल्या भट्टीची बरोबरी करीत होती.

अखेर यंत्र गाडीत घालून जळगावास एका दुकानात नेण्यात आले. तेथे वातानुकूलित खोलीत, स्थिर विजेवर, ते दिवसभर अव्याहत चालले. दुकानदार सभ्य होता. त्याने दोष नसल्याचा निर्वाळा दिला, तपासणीची माफक फी घेतली आणि चहा पाजला. घरी आणताच यंत्राने पहिल्याच दुपारी पूर्ववत मूर्च्छा घेतली. जमादारांना याचे बिलकूल आश्चर्य वाटले नाही. पंचांसमोर साधू आणि वस्तीत सैतान असे इसम त्यांनी फार पाहिले होते. त्यांच्या मते अशा इसमास चौकीवर नेण्यात अर्थ नसतो. तो जेथे गुन्हा करतो तेथे, आणि ज्या वेळी करतो त्या वेळी, दबा धरून बसावे लागते.

या मतास अनुसरून पुतणीने खरा तपास आरंभिला. त्याचा नियम एकच होता: एका वेळी एकच बदल करावयाचा, आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत दुसऱ्या कशास हात लावावयाचा नाही. पेनड्राइव्हवर तिने स्मृतिपरीक्षेचा एक कार्यक्रम घेतला. तो प्रणाली सुरू होण्यापूर्वीच यंत्राचा ताबा घेतो, रॅमच्या प्रत्येक घरात ठराविक आकृतिबंध लिहितो, पुन्हा वाचतो, आणि लिहिले एक व वाचले दुसरे असे झाले की तांबड्या अक्षरात नोंद करतो. ही परीक्षा तासन् तास चालत असल्याने ती रात्री लावण्यात आली, आणि यंत्र पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पट्ट्या एकेकट्या तपासल्या. दोन्ही निष्कलंक निघाल्या. मग जमादारांनी, बहुधा झोप न आल्यामुळे, एक साधा प्रश्न विचारला: “बाई, गुन्हा घडतो दुपारी दोनला, आणि तुम्ही पहारा ठेवता रात्री दोनला?”

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन्ही पट्ट्या एकत्र बसवून परीक्षा लावली, आणि काही मिनिटांतच पडद्यावर तांबड्या नोंदींची रांग लागली. रॅमच्या प्रत्येक घरात माहिती असते ती इवल्याशा विद्युत्भाराच्या रूपाने. हा भार सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घर एकदा नव्याने भरावे लागते. उष्मा वाढला की गळती वाढते, आणि वेळापत्रकातली जी थोडीशी सवड असते ती संपत येते. रात्रीच्या गारव्यात सवड पुरत होती. दुपारी ती पुरत नव्हती. त्यातच या दोन पट्ट्या एका खोक्यातल्या नव्हेत. एक आधी घेतलेली, दुसरी पैसे जमल्यावर. वरचे नाव तेच, आकडा तोच, परंतु आतल्या चिपा निराळ्या घराण्यातल्या. पुन्हा त्यांवर ठळकपणे छापलेला ३६०० हा वेग म्हणजे जन्मजात हक्क नसून महत्त्वाकांक्षा होती. पट्टीवरच्या एका बारीक चिपेत तिच्या चारित्र्याचे दाखले नोंदविलेले असतात. त्यांत सामान्य वेग २६६६ असा लिहिला होता, आणि ३६०० हा मदरबोर्डास स्वतंत्र हुकूम दिल्यावरच, सर्व नातलगांनी समजून घेतले तर, गाठता येणारा वेग होता. एकेकटे वागावयास अत्यंत सालस असे हे दोघे भाऊ एका छपराखाली, भर उन्हात, ऐपतीबाहेरच्या वेगाने नांदू लागले की एकमेकांचे बोलणे त्यांस नीट ऐकू येईनासे होत होते.

या सुमारास माझे मन जरा खचले होते, आणि थोरामोठ्यांच्या फजितीने जे समाधान लाभते ते मला पुतणीने इतिहासातून शोधून दिले. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८चे प्रात्यक्षिक चालू असता, साक्षात बिल गेट्स मंचावर उभे असताना, एक स्कॅनर जोडताक्षणी पडदा निळा पडला आणि सभागृह हास्याने दणाणून गेले. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कार्यक्रमाच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी निळे पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले, आणि सुवाच्य अक्षराचे महत्त्व वर्षानुवर्षे सांगणाऱ्या मराठी शाळामास्तरांचा अखेर विजय झाला. मला सर्वांत आवडली ती मात्र बेल्जियममधली हकीकत. २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्स प्रदेशातल्या स्खारबेक येथे एका उमेदवारास शक्य त्याहून अधिक मते पडल्याचे आढळले. फेरमोजणीत नेमकी ४,०९६ मते जादा निघाली. एकास बारा वेळा दुप्पट करीत नेले की हाच आकडा येतो. अर्थात संगणकाच्या स्मृतीतला एकच बिट शून्याचा एक झाला होता. यंत्र तपासले, कार्यक्रम तपासला, दोष कशातच सापडला नाही, आणि शेवटी संशय गेला तो अंतराळातून आलेल्या एखाद्या कणावर. ही हकीकत ऐकून जमादार बराच वेळ गप्प बसले. फरारी आरोपीचा ठावठिकाणा आकाशगंगेत निघाल्याचे प्रकरण त्यांच्याही हद्दीत कधी आले नव्हते.

आता प्रकरणाच्या निकालाकडे वळतो. पुतणीने मदरबोर्डास दिलेला विशेष हुकूम मागे घेऊन दोन्ही पट्ट्या २६६६ या त्यांच्या सामान्य वेगावर आणल्या. दुर्दैवाने, किंवा कोणी म्हणेल सुदैवाने, हे ज्या दिवशी झाले त्याच दिवशी वायरमनने खड्डा पुरा करून अर्थिंगची तार जोडली. बागायतदार स्नेह्यांनी स्वतःच्या बागेतून आणलेली हिरवी जाळी खिडकीस बांधून मेज हलविले. सेवा केंद्राच्या तरुणाने जाता जाता पट्ट्यांवरून आणखी एकदा खोडरबर फिरविले. आणि सौभाग्यवतीने, बाहेरची माणसे घरात फार येऊ लागल्याने दृष्ट लागणारच असे म्हणून, कॅबिनेटच्या मागील पंख्यास लिंबू-मिरची बांधली. त्या दिवसापासून आजतागायत यंत्र एकदाही कोसळलेले नाही.

येथून पुढे जे घडले त्याचा शास्त्राशी संबंध थोडा आणि संसाराशी फार. प्रत्येकाने यशाचे श्रेय आपल्या खात्यावर जमा केले. वायरमन बाजारात मला हाक मारून “काय भाऊ, पाह्यलं ना?” असे विचारू लागला. बागायतदारांनी दुसऱ्या दोघांच्या खिडक्यांना जाळ्या सुचविल्या. सौभाग्यवती काही बोलली नाही, परंतु शनिवारी लिंबू बदलताना तिच्या हालचालींत एक प्रकारची कार्यालयीन नियमितता आली. पुतणी तेवढी अस्वस्थ होती. ती म्हणाली, “काका, कारण वेगच आहे हे मला माहीत आहे, पण सिद्ध झालेलं नाही. सिद्ध करायचं तर वेग परत वाढवायचा, दुपारी चालवायचा, आणि तो पुन्हा कोसळतो का ते पाहायचं. मग अर्थिंग काढून पाहायचं. मग जाळी. मग लिंबू.”

तिचे म्हणणे तर्कशुद्ध होते. रोग बरा झाल्याने निदान सिद्ध होत नाही. तोच रोग इच्छेनुसार परत आणून दाखविता आला पाहिजे, तेव्हाच त्याच्या कारणाची सनद मिळते. प्रयोगशाळा या नियमावर चालतात. परंतु घर चालते ते बरोबर याच्या उलट नियमावर. ज्या पोराचा ताप काढा, गोळी, नवस आणि आत्याने कपाळी ठेवलेली ओली घडी यांपैकी कशाने तरी उतरला, त्यास पुन्हा ताप आणून कारण शोधण्यास अनुमती देणारी माता आजवर झालेली नाही, आणि म्हणूनच आपल्या घराघरांतून काढा, गोळी, नवस आणि आत्या हे चारही उपाय सन्मानाने नांदत आहेत. आपले बहुतेक गृहज्ञान हे असे, उलटतपासणीस कधीही न बोलाविलेल्या साक्षीदारांचे बनलेले आहे. पुतणीचा अर्ज घरातल्या सर्वांनी एकमताने फेटाळला, माझे मत त्यात प्रथम होते, आणि ती सुटी संपवून जळगावास निघून गेली.

कागद पुरा करण्याची सवय न सुटलेल्या जमादारांनी प्रकरणाचा रीतसर निकाल लावला. पोलिसी तपास निष्फळ ठरला की त्याचे वर्गीकरण होते: फिर्याद हेतुपुरस्सर खोटी असेल तर ‘ब समरी’, गैरसमजाने झालेली असेल तर ‘क समरी’, आणि गुन्हा खरा पण आरोपी निष्पन्न होत नसेल तर ‘अ समरी’. आमचे प्रकरण ‘अ’ मध्ये बसते, असे त्यांनी जाहीर केले. “मात्र,” ते पुढे म्हणाले, “संशयित सगळे हद्दीतच आहेत, तेव्हा कोणावरचीही नजर काढू नये.” या हुकुमाबरहुकूम आमच्या घरी आजही खड्ड्यास बादली पडते, जाळी बांधलेली आहे, खोडरबर किल्ल्यांच्या शेजारी टांगलेले असते, लिंबू दर शनिवारी नवे असते आणि वेग २६६६ च्या वर जात नाही.

अलीकडे गावात घरी संगणक जोडण्याची हौस वाढली आहे. नवा संगणक जोडणारा प्रत्येक गृहस्थ प्रथम आमच्याकडे येऊन या शिरस्त्याची नक्कल मागून नेतो. आणि यांतला नेमका कोणता उपाय खरा, असे एखाद्याने विचारलेच, तर मी माझ्या जुन्या खात्यास शोभेल अशा गांभीर्याने सर्व उपाय एकत्रितरीत्या अमलात आणण्याची शिफारस करतो. त्या यंत्रांपैकी एकही अद्याप कोसळलेले नाही. त्यामुळे या उपायांपैकी निरर्थक कोणता, हे सिद्ध होण्याची शक्यता आमच्या तालुक्यापुरती तरी दिवसेंदिवस मावळत चालली आहे.